हेराची दुहेरी विश्वसनीयता : कौटिल्य, विशाखदत्त आणि संगमेश्वरचा प्रसंग

(१)

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर येथे १ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजीराजे आणि कवी कलश मोगलांच्या हाती सापडले. या घटनेने मराठी इतिहासकारांना जितके व्यथित केले आहे तितकेच मराठी नाटककारांना व कादंबरीकारांनाही आकृष्ट केले आहे. तथापि तिच्यासंबंधी आजवर जो प्रश्न सर्वाधिक चर्चिला गेला तो एकच : फितुरी कोणी केली? या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे उत्तरादाखल पुढे आली; त्यांविषयीचा वाद अद्यापि मिटलेला नाही. परंतु त्याच्याच शेजारी एक दुसरा प्रश्न उभा आहे व त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. कोल्हापूरच्या बाजूस असलेल्या मुकर्रबखानाला सह्याद्रीच्या पलीकडील ही बातमी ज्याने आणून दिली तो मनुष्य कोणत्या प्रकारचा असेल?

साकी मुस्तैदखान याच्या १७१० मध्ये पूर्ण झालेल्या ‘मासिर-इ-आलमगिरी’ या ग्रंथात याचे उत्तर अगदी त्रोटक आहे. खानाच्या हेरांनी ही खबर आणली, एवढेच तो सांगतो. हेराचे नाव नाही, वेष नाही, जात नाही, धंदा नाही. याच ग्रंथात आणखी एक गोष्ट नमूद आहे. मोगल फौज येत असल्याची वार्ता राजांच्या स्वतःच्या हेरांनीही दिली होती, परंतु इतक्या दुर्गम प्रदेशात शत्रू पोहोचू शकेल यावर विश्वास बसला नाही. ही दुसरी गोष्ट जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही. लेखक औरंगजेबाच्या दरबारातील आहे, आणि पराभूत राजाच्या बेफिकिरीचे चित्र गडद करण्यात त्याचा हितसंबंध आहे. तरीही त्याच्या कथनाचा सांगाडा विचार करण्याजोगा आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हेर दोन्ही पक्षांना होते, दोघांनीही आपले काम केले होते आणि दोघांचीही बातमी खरी होती. फरक पडला तो एका हेरावर त्याच्या धन्याचा विश्वास बसला व दुसऱ्यावर बसला नाही, यामुळे.

हेराची विश्वसनीयता ही एक नसून दोन आहेत, हे यावरून ध्यानात येते. शत्रूने त्याचे खोटे रूप खरे मानले पाहिजे आणि स्वामीने त्याचे खरे बोलणे खरे मानले पाहिजे. ही दोन कार्ये परस्परविरोधी आहेत. ज्या गुणांमुळे मनुष्य पहिल्या कसोटीस उतरतो, त्याच गुणांमुळे दुसऱ्या कसोटीत तो संशयास्पद ठरतो. हेराच्या भूमिकेला शोभतील अशी माणसे कोणती, या प्रश्नाचा विचार या दुहेरी दृष्टीनेच झाला पाहिजे. भारतीय परंपरेत असा विचार एका शास्त्रग्रंथात व एका नाटकात झालेला आहे. मराठी ऐतिहासिक ललितवाङ्मयाने मात्र त्याचा एकच अर्धा भाग उचललेला दिसतो.

(२)

शास्त्रग्रंथ म्हणजे कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ते प्रकाशात आणले व मुंबई विद्यापीठातर्फे र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. रत्नागिरी जिल्ह्यात १८८० मध्ये जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्रेतिहासाच्या १९४६ मधील तिसऱ्या खंडातही राजधर्माचे विवेचन करताना या ग्रंथाचा पदोपदी आधार घेतलेला आहे. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतैक्य नाही. परंतु प्रस्तुत विषयाला त्यामुळे बाध येत नाही.

पहिल्या अधिकरणाच्या अकराव्या व बाराव्या अध्यायांत कौटिल्याने गूढपुरुषांचे नऊ प्रकार सांगितले आहेत. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे पाच ‘संस्था’ या नावाने ओळखले जातात. ते एका ठिकाणी राहून काम करतात. सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे चार ‘संचार’ होत; त्यांनी फिरावयाचे असते. ही यादी वाचताना प्रथम डोळ्यांत भरते ती तिची सामान्यता. इतरांची मर्मे जाणणारा धीट विद्यार्थी, संन्यासातून परत फिरलेला मनुष्य, शेती बुडालेला कुणबी, व्यापार बसलेला वाणी, पोट भरण्याची इच्छा असलेला जटाधारी, नातलग नसलेला पोरका, जिवावर उदार झालेला दांडगा, आप्तांविषयी माया नसलेला क्रूर व आळशी इसम आणि उपजीविकेच्या शोधात असलेली दरिद्री ब्राह्मण विधवा! यांत असामान्य बुद्धीचा नायक नाही, शंभर सोंगे घेणारा नटही नाही. यांपैकी बहुतेक जण गावोगाव सहज भेटावेत असे आहेत. किंबहुना तेच त्यांचे भांडवल आहे.

कौटिल्याची निवड करण्याची पद्धती येथे स्पष्ट होते. तो कुशल मनुष्य शोधून त्याला सोंग शिकवीत नाही. ज्याचे आयुष्य मुळातच एक विश्वसनीय कथा आहे असा मनुष्य शोधून त्याला काम देतो. व्यापार बसलेल्या वाण्याला व्यापाऱ्याचे सोंग आणावे लागत नाही. त्याला केवळ पुन्हा दुकान मांडून द्यावयाचे असते. शेती बुडालेल्याला जमीन द्यावयाची असते. तो जे करतो ते खरेच असते. त्याच्या करण्यामागील पैसा तेवढा दुसऱ्याचा असतो. संन्यास सोडलेल्या उदास्थिताची योजना या दृष्टीने फार मार्मिक आहे. त्याने पुष्कळ द्रव्य व सहायक घेऊन शेती, पशुपालन व व्यापार चालवावा, उत्पन्नातून फिरत्या संन्याशांच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची सोय करावी आणि त्यांतून ज्यांना उपजीविका हवी असेल त्यांना आपल्या कामास लावावे. अन्नछत्र खरे, अतिथी खरे, पुण्यही कदाचित खरे. आणि तरीही तो सगळा बातमीचा कारखानाच.

तापसाचे प्रकरण याला अपवाद आहे व म्हणूनच ते बोधप्रद आहे. त्याने नगराजवळ अनेक शिष्यांसह राहावे, महिन्यादोन महिन्यांनी मूठभर भाजी किंवा जव लोकांदेखत खावे आणि हवे ते अन्न गुप्तपणे खावे. वाण्याच्या वेषातील हेराच्या शिष्यांनी त्याच्या सिद्धीचा गाजावाजा करावा. येथे खरोखरीचे सोंग आहे, आणि ते टिकविण्यासाठी किती माणसांची मदत लागते ते पाहावे! जे आयुष्य आपले नाही ते जगून दाखविणे हे खर्चाचे व धोक्याचे काम आहे, हे कौटिल्याला पुरेपूर ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. याच प्रकरणात कुबडे, खुजे, मुके, बहिरे, जड, आंधळे यांच्या मिषाने वावरणाऱ्यांचा, तसेच नट, नर्तक, गायक यांचा उल्लेख आहे. मग वेषांतराला कौटिल्य गौण मानतो असे कसे म्हणता येईल? परंतु ही सोंगे कोणाची आहेत हे लक्षात घेतले म्हणजे आक्षेपाचा जोर ओसरतो. ज्यांच्यासमोर मोठी माणसे मोकळेपणाने बोलतात, ज्यांना कान आहेत हेच घरातील लोक विसरून जातात, अशांची ती सोंगे आहेत. लक्ष वेधणे हा त्यांचा हेतू नाही. उपेक्षित राहणे हा आहे.

आता दुसऱ्या विश्वसनीयतेकडे वळले पाहिजे. गरजू मनुष्य शत्रूला खरा वाटतो, पण गरजू मनुष्य विकतही घेता येतो. कौटिल्याने या अडचणीवर चार उपाय योजले आहेत. पहिला निवडीचा : उदास्थित, गृहपतिक व वैदेहक यांच्या ठिकाणी बुद्धीबरोबर शुचिताही असावी अशी त्याची अट आहे. फसविणे हाच ज्याचा धंदा त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे वरवर विनोदी वाटेल. पण ही सचोटी स्वामीशी वागताना हवी आहे. दुसरा वेतनाचा : पाचव्या अधिकरणात संस्थांना एक हजार पण व संचारांना पाचशे पण असे वेतन सांगितले आहे. तिसरा पडताळ्याचा : हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांची वार्ता स्वतंत्रपणे जुळली म्हणजेच ती खरी मानावी. चौथा धाकाचा : दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या उभयवेतनाची बायकामुले आपल्या ताब्यात ठेवावीत. या चौथ्या उपायात कौटिल्याच्या शास्त्राचा कठोर चेहरा उघडा पडतो. ज्याला कोणी नाही असा सत्री त्याला हवा असतो, आणि ज्याला कोणी आहे त्याचे ते ‘कोणी’ ओलीस हवे असतात.

(३)

वैदेहकाचा प्रकार केवळ ग्रंथातला नव्हे, याची साक्ष रत्नागिरी जिल्ह्यातीलच राजापूर बंदर देते. तेथील इंग्रजी वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या साहाय्याला तोफा घेऊन गेला व तेथे इंग्रजांचे निशाण फडकले. पुढील वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापूर घेऊन रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. व्यापारी व शत्रुपक्षाचा मनुष्य यांतील सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होते त्याचे हे उदाहरण आहे. परंतु रेव्हिंग्टन हेर म्हणून अगदीच अयोग्य होता. त्याने निशाण लावले. वखारींतील त्याच्या भाईबंदांनी जे केले ते अधिक परिणामकारक होते. कापड, मिरी व येणे-बाकी यांच्या हिशेबांबरोबर त्यांनी वरिष्ठांना जी पत्रे लिहिली त्यांत सैन्यांच्या हालचाली, किल्ल्यांची घेवदेव, दरबारातील कुजबुज यांच्या नोंदी असत. १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने अशा इंग्रजी कागदपत्रांचा संग्रह छापला तेव्हा तो शिवकालाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरला. या पत्रलेखकांना कोणी हेर म्हटले असते तर त्यांना राग आला असता. ते वाणी होते व भाव ठरविण्यासाठी त्यांना बातमी लागत होती. कौटिल्याला याहून अधिक काही अपेक्षित नव्हते.

(४)

शास्त्राने जे वर्गीकरणाने सांगितले ते विशाखदत्ताने ‘मुद्राराक्षस’ या सात अंकी नाटकात माणसांच्या रूपाने दाखविले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी संपादिलेल्या व कृष्णशास्त्री राजवाडे यांनी मराठीत आणलेल्या या नाटकाचा परिचय मराठी वाचकांना जुना आहे. चाणक्याचे बुद्धिचातुर्य व राक्षसाची स्वामिनिष्ठा यांचा संघर्ष म्हणून त्याची समीक्षा पुष्कळ झाली. परंतु दोन हेरव्यवस्थांची तुलना म्हणून ते वाचले असता राक्षसाच्या पराभवाची कारणे अधिक स्पष्ट दिसतात.

दुसऱ्या अंकात जीर्णविष नावाच्या गारुड्याच्या वेषात आलेला विराधगुप्त राक्षसाला कुसुमपुरातील अपयशांची मालिका सांगतो. सुतार दारुवर्मा याने चंद्रगुप्ताच्या प्रवेशासाठी राजद्वारावरील तोरण आज्ञा होण्यापूर्वीच सज्ज केले होते. त्या अवेळी दक्षतेने चाणक्याला संशय आला. वैद्य अभयदत्ताने औषधात विष कालविले. सुवर्णपात्रात त्याचा रंग पालटला व ते त्यालाच प्यावे लागले. शयनगृहावर नेमलेल्या प्रमोदकाने मिळालेला पैसा उधळला, आणि तो कोठून आला याचे धड उत्तर त्याला देता आले नाही. बीभत्सक व त्याचे साथी शयनगृहाच्या भिंतीत दडून राहिले. भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन निघालेल्या मुंग्यांनी त्यांचा घात केला.

या चारही अपयशांचे मूळ एक आहे. राक्षसाची माणसे आपापल्या धंद्यात खरी आहेत : सुतार सुतारच आहे, वैद्य वैद्यच आहे. पण त्यांना धंद्याच्या चालीपेक्षा कामाची घाई अधिक आहे. खरा सुतार हुकमाची वाट पाहतो. खरा चाकर पगाराच्या मानाने खर्च करतो. भिंतीत लपलेल्याला तर कोणताच धंदा नाही. तेथे असण्याचे कोणतेही निष्पाप कारण तो सांगू शकत नाही, म्हणून मुंगीसुद्धा त्याच्याविरुद्ध साक्षीदार ठरते. राक्षस हेर नेमतो ते वार करण्यासाठी. चाणक्य नेमतो ते राहण्यासाठी.

चाणक्याच्या बाजूचा निपुणक यमपट दाखवीत घरोघर हिंडतो. चंदनदासाच्या घरी त्याला राक्षसाची मुद्रा मिळते ती केवळ दैवयोगाने : दाराबाहेर येऊ पाहणाऱ्या बालकाला मागे ओढताना राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून ती गळून त्याच्या पायाशी येते. पण जो रोज घरोघर जातो त्याच्याच पायाशी दैव येऊन थांबते, हे नाटककाराने न बोलता सुचविले आहे. हाच निपुणक क्षपणक जीवसिद्धीला शत्रुपक्षाचा मनुष्य म्हणून दाखवून देतो. आणि जीवसिद्धी तर चाणक्याचाच! हेरांनी परस्परांना ओळखू नये हा शास्त्रातील नियम येथे नाट्य बनून येतो. जीवसिद्धीचे सोंग इतके मुरलेले आहे की मित्रपक्षाचा हेरही फसतो.

तथापि विशाखदत्ताचे मोठेपण यापुढे आहे. पाचव्या अंकात भागुरायण मलयकेतूच्या विश्वासात पूर्णपणे शिरलेला आहे. मलयकेतूचे त्याच्यावर खरे प्रेम आहे. त्या क्षणी भागुरायणाला आपल्या कृत्याची टोचणी लागते, आणि देह दुसऱ्याला विकलेल्याने बऱ्यावाइटाचा विचार करण्याची वेळ निघून गेली आहे, अशा आशयाचे समाधान तो करून घेतो. सहाव्या अंकात सिद्धार्थक व समिद्धार्थक यांना वधस्थानी चांडाळ बनून जाण्याची आज्ञा होते तेव्हा त्यांच्याही बोलण्यात कडवटपणा येतो. शास्त्रात जी शुचिता निवडीची अट होती ती नाटकात वेदना होते. शत्रूला विश्वसनीय वाटण्यासाठी माणसाला जे प्रेम खरेच करावे लागते, ते स्वामीच्या आज्ञेने मोडावे लागते. कौटिल्याच्या कोष्टकात या वेदनेला रकाना नाही.

(५)

मराठी परंपरेतील हेर म्हणजे बहिर्जी नाईक. ललितवाङ्मयात, चित्रपटांत व लोकांच्या बोलण्यात त्याची प्रतिमा ठरून गेली आहे : कधी फकीर, कधी वासुदेव, कधी कुडमुड्या जोशी, प्रत्यक्ष धन्यालाही ओळखू न येणारा बहुरूपी. विसाव्या शतकातील मराठी रहस्यकथेने, विशेषतः बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड या नायकांनी वेषांतराची जी गोडी घरोघर लावली, तिचाही या प्रतिमेस हातभार लागला असल्यास नवल नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराममहाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. तीत बहिर्जी येतो तो निराळ्या रूपाने. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीपूर्वी तो येऊन तेथील अगणित द्रव्याची बातमी देतो व तिच्या आधारावर मोहीम निघते. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना शत्रू पाठीवर असता तो अडवाटेने लष्कर सुखरूप नेण्याची हमी देतो, आणि अहोरात्र वाटचाल करून ते पट्टा किल्ल्याखाली पोहोचविले जाते. दोन्ही प्रसंगी वेषांतराचे दृश्य नाही. सभासदाला महत्त्वाचे वाटले ते हे की बहिर्जीच्या शब्दावर राजा स्वतः निघाला आणि बहिर्जीच्या पावलावर पाऊल टाकून थकलेली फौज रात्रीच्या अंधारात चालत राहिली.

म्हणजे बखरकाराने दुसरी विश्वसनीयता वर्णिली व आधुनिक लेखकांनी पहिली. हा केवळ रुचिभेद नव्हे. वेषांतर हे एकट्याचे कौशल्य आहे. विश्वास हे दोघांमधील नाते आहे. सगळे श्रेय हेराच्या सोंगाला दिले म्हणजे ऐकणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होते. सुरत व पट्टा येथील यशात शिवाजीमहाराजांचा वाटा कोणता, याचे उत्तर ‘त्यांनी ऐकले’ असे आहे. आणि ऐकणे हे राजाच्या गुणांत लहान मानण्याचे कारण नाही.

(६)

संगमेश्वरच्या प्रसंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले असता त्याचे करुण रूप पालटते. मुकर्रबखानाला बातमी देणारा मनुष्य नाटकांतून दिसतो तसा काळाकुट्ट, कुजबुजणारा, डोळे चोरणारा नसावा. तसा असता तर तो घाटाच्या पहिल्याच चौकीवर पकडला गेला असता. तो घाटाने मीठ वा धान्य नेणारा असेल, गोसावी असेल, येण्याजाण्याचे कारण कोणी विचारू नये असा कोणी असेल. आणि राजाच्या बाजूने धावत आलेला हेरही, फारसी लेखकाचे म्हणणे खरे असल्यास, तितकाच सामान्य असणार. रानावनातून आलेल्या अशा मनुष्याने अशक्य वाटणारी गोष्ट सांगावी आणि ती मानली जाऊ नये, यात एका व्यक्तीचा दोष शोधण्यापेक्षा हेराच्या धंद्याचा अंतर्विरोध ओळखणे अधिक न्याय्य होईल. ज्या उपेक्षणीयतेने त्याला शत्रूच्या छावणीतून सुखरूप आणले, तिनेच स्वामीच्या दारात त्याच्या शब्दाचे वजन कमी केले.

फितुराचे नाव शोधण्याची वृत्ती समाजाला सहजच असते. नाव सापडले की दुःखाला पत्ता मिळतो. परंतु तीन शतके हा शोध चालू राहिल्याने ज्या घराण्यांवर संशयाचे सावट आले त्यांच्यावर अन्याय होण्याचा संभव आहे, आणि ज्यांनी खरी बातमी आणली त्यांची आठवण तर मुळीच उरलेली नाही. कौटिल्याने अशा माणसांचा दर ठरविला, विशाखदत्ताने त्यांची वेदना सांगितली, सभासदाने त्यांपैकी एकाचे नाव राखले. मराठी ऐतिहासिक कादंबरीने त्यांना केवळ पोशाख दिला. पोशाख उतरवून तो मनुष्य धन्यासमोर उभा राहतो आणि आपल्यावर विश्वास बसतो की नाही याची वाट पाहतो, तो क्षण मराठीत अद्यापि लिहिला जावयाचा आहे.